मल्टी-इफेक्ट पेडल थेट मिक्सरला लावून कोणी कार्यक्रम करतं का?

सहातारी (सोमवार, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात कोलबाडला राहतो. नोकरी सांभाळून सहा जणांच्या एका हौशी ग्रुपमध्ये गिटार वाजवतो. कीबोर्ड, ढोलकी, ऑक्टोपॅड, दोन गायक आणि मी. इतकी वर्षं हॉलवर मिळेल तो ॲम्प आणि माझी दोन सुटी पेडल, एक ओव्हरड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारं) आणि एक डिले (एको देणारं), एवढ्यावर भागत होतं. ॲम्प मी नेऊ शकत नाही. ट्रान्स हार्बरच्या लोकलने जातो, पाठीवर गिटार आणि हातात पिशवी, त्यापलीकडे काही झेपत नाही.

म्हणून यंदा एक सेकंडहँड मल्टी-इफेक्ट पेडल घेतलं, म्हणजे सगळे इफेक्ट एकाच डब्यात. तीन आठवडे रोज रात्री हेडफोन लावून २२ गाण्यांचे २२ पॅच, म्हणजे आधीच बांधून ठेवलेले आवाज, केले. मनापासून केले. घरी तर असा आवाज येत होता की उठावंसं वाटायचं नाही. मग गेल्या महिन्यात कोपरखैरण्याला एका हॉलमध्ये थेट मिक्सरला लावून वाजवलं. पहिल्या गाण्यात गिटार ऐकूच येईना. तिसऱ्या गाण्यात सोलोचा पॅच दाबला तर पुढच्या रांगेतल्या आजींनी कानांवर हात ठेवले. एका अंतऱ्यात पॅच बदलताना मध्येच आवाज तुटला आणि गायिकेने वळून पाहिलं. बहिणीने मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग ऐकलं, तर पत्र्याच्या डब्यात भुंगा कोंडल्यासारखी गिटार!

गणपतीत तीन कार्यक्रम ठरले आहेत. परत दोन सुट्या पेडलवर जाऊ, की ह्यातून वाट काढता येईल? ज्यांनी प्रत्यक्ष स्टेजवर वापरलंय त्यांचे अनुभव हवे आहेत.

सीवूड्स_लोकल (सोमवार, रात्री १०:३१)

वाचतोय. माझंही हेच दुखणं आहे, फक्त भुंग्याऐवजी डास.

फेडर_हातात (सोमवार, रात्री ११:४८)

मी टेबलाच्या पलीकडचा माणूस. ठाण्यात आणि नवी मुंबईत साऊंड करतो. मांडव, क्लबहाउस, कॉलेजचे फेस्ट, सगळं. तुमच्या भुंग्याचं कारण मला वर्णनावरूनच कळलं. पेडलच्या सेटिंगमध्ये आउटपुट कशाला जोडलंय ते सांगावं लागतं, गिटार ॲम्पला की लाइनला, म्हणजे थेट मिक्सरला. ते ॲम्पवर राहिलं असणार, किंवा पॅचमधलं कॅबिनेट, म्हणजे ॲम्पच्या स्पीकरची नक्कल, बंद असणार.

नीट सांगतो. गिटारच्या ॲम्पमधला बारा इंची स्पीकर साधारण ५ ते ६ हजार हर्ट्झच्या वरचं फारसं देतच नाही. ती त्याची मर्यादा आहे आणि तीच आपल्या कानांना 'गिटारचा आवाज' म्हणून आवडते. ओव्हरड्राइव्हने जी करकर तयार होते, ती स्पीकरच गिळून टाकतो. मांडवातल्या स्पीकरला मात्र वर हॉर्न असतो, तो १५ हजारांपर्यंत सगळं बाहेर फेकतो. कॅबिनेटची नक्कल चालू नसेल तर गाळणीच काढून टाकल्यासारखं होतं. चहा आणि चोथा एकत्र.

तेव्हा आधी आउटपुट लाइनवर करा. कॅबिनेट चालू ठेवा. त्याच्यामागे इक्यू (खर्ज, मधला भाग, तार कमीजास्त करणारा) टाकून वरून ६-७ हजारांच्या आसपास आणि खालून १०० हर्ट्झच्या आसपास कापा. गिटारची जाड तार मोकळी वाजवली तर ८२ हर्ट्झवर वाजते. त्या भागात ढोलकीचा खर्ज आणि कीबोर्डचा डावा हात आधीच बसलेले असतात, तिथे गर्दी करून गिटारला काही मिळत नाही.

आणि एक विनंती, सगळ्याच गिटारवाल्यांना. पॅचच्या पातळ्या सारख्या करून या. मी तुमचा फेडर (मिक्सरवरची आवाजाची पट्टी) क्लीन, म्हणजे स्वच्छ, आवाजाला लावतो आणि तुम्ही सोलो दाबला की तो दुप्पट मोठा येतो. मी खाली ओढतो, मग तुम्ही परत क्लीनवर जाता आणि गायब होता. त्या आजींची माफी मी मागावी की तुम्ही?

वेलदोडा (मंगळवार, सकाळी ७:०५)

फेडरदादांनी भुंगा पकडला, आता ऐकूच न येणाऱ्या गिटारबद्दल. सहातारी, तुम्ही पॅच हेडफोनवर केलेत, तेही रात्री, हळू आवाजात. सगळी गोम तिथेच आहे.

आपला कान हळू आवाजात खर्ज आणि तार दोन्ही कमी ऐकतो, मधलं जास्त ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली ह्याचे आलेख मांडले होते. त्यामुळे हळू आवाजात आपण नकळत बेस आणि ट्रेबल वाढवतो आणि मधला भाग कमी करतो. एकट्याने वाजवताना ते भरदार वाटतं. तोच पॅच हॉलमध्ये मोठ्याने लावला की खाली गदगद, वर करकर आणि मध्ये पोकळ. गिटार तर राहते मधल्या पट्टीत! तोच भाग काढून टाकल्यावर कीबोर्डच्या स्ट्रिंग्जखाली ती बुडणार नाही तर काय.

मी नेरुळला मुलींच्या बँडमध्ये वाजवते. सुरुवातीला मीही असेच पॅच करायचे. आता आमचा नियम असा, की पॅच तालमीच्या खोलीतच करायचा, मिक्सर आणि स्पीकर लावून, कार्यक्रमात असेल तेवढ्या आवाजात, ड्रम्स चालू असताना. एकटा ऐकला तर तो आवाज रुक्ष वाटतो, नाकात बोलल्यासारखा. बँडमध्ये तोच शोभतो. मधला भाग ७००-८०० हर्ट्झच्या आसपास थोडा उचलला की आवाज न वाढवताही गिटार पुढे येते.

रिव्हर्ब निम्मा करा. हॉलला स्वतःचा घुमारा असतोच, त्यात आपला घातला की सगळी भाजी एकजीव होते.

आणि २२ पॅच? गाण्यागणिक पॅच नको. मी चारच ठेवते: स्वच्छ, किंचित खरखरीत, भरपूर खरखरीत आणि एक अकूस्टिकसारखा. बाकी चालू-बंद पायाने.

अनुस्वार (मंगळवार, सकाळी ९:२०)

विषयातलं काही कळत नाही, पण 'पॅच'ला मराठी शब्द सुचवायचा मोह आवरत नाही. ठिगळ!

वेलदोडा (मंगळवार, सकाळी ९:४१)

नको हो. "ताई, तुमचं चौथं ठिगळ छान होतं" असं कोणी म्हटलं तर मी स्टेजवरून उतरेन.

सीवूड्स_लोकल (मंगळवार, सकाळी ९:५०)

मला 'बाज' आवडेल. चार बाज बांधून ठेवलेत, हा सोलोचा बाज.

अनुस्वार (मंगळवार, सकाळी १०:०२)

बाज उत्तम. ठिगळ मागे घेतो. आता गिटारवाल्यांनी बोलावं, मी वाचत राहतो.

मीठागर (मंगळवार, दुपारी ३:१५)

मी ह्या धाग्यावरचा बहुधा सर्वांत म्हातारा. ऐंशीच्या दशकात ऑर्केस्ट्रात वाजवायला लागलो. तेव्हा आमच्या ग्रुपकडे रोलँडचा टेप एको होता. त्यात टेपचं वेटोळं फिरत राहायचं आणि पावसाळ्यात दमट हवेने टेप चिकटली की एकोला सर्दी व्हायची. हातात एक नारिंगी डिस्टॉर्शन पेडल. बस्स. त्याच्यावर मी गझलही वाजवली आणि कोळीगीतंही.

माझं मत स्पष्ट सांगतो, राग मानू नये. ह्या डब्यांनी वाजवणाऱ्याची मान खाली घातली. मुलं गायकाकडे बघत नाहीत, पायाकडे बघतात. गाण्यात उतार-चढाव गायकाच्या श्वासावर येतो, तो डोळ्यांनी पकडावा लागतो. आणि आवाज बदलायला पाय कशाला हवा? गिटारवर व्हॉल्यूमचं बटण दिलंय. खरखरीत आवाज लावून ठेवायचा, बटण सहावर आणलं की तो निवळतो, दहावर नेला की पेटतो. मधल्या सगळ्या छटा करंगळीत. सहातारी, तुम्ही परत दोन पेडलवर जा. तुमचा हात तयार आहे म्हणूनच इतकी वर्षं भागलं.

खारघरचा_वारा (मंगळवार, संध्याकाळी ६:३७)

काकांच्या बटणाला साष्टांग नमस्कार, पण दोन पेडलवर परत जाण्याला माझा विरोध. दोन पेडल नेली तरी पुढे ॲम्प लागतोच. मांडवात मिळणारा ॲम्प कधी कीबोर्डचा असतो, कधी फाटलेला, कधी नसतोच. ती पेडल थेट मिक्सरला लावली तर पुन्हा भुंगा, कारण त्यात कॅबिनेट नाही. दादरची स्वारी असो की उरणची, मल्टी-इफेक्ट पेडलमुळे माझा आवाज माझ्याबरोबर येतो.

मात्र मी मॉनिटरवर (वादकांना ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेल्या स्पीकरवर) विसंबत नाही. एक छोटा ॲम्प मागे ठेवतो, फक्त मला ऐकू यावं म्हणून. पेडलला दोन आउटपुट असतील तर एक ॲम्पला, एक मिक्सरला.

फेडर_हातात (मंगळवार, रात्री ११:२०)

खारघर, इथे मी असहमत. मांडवाचं स्टेज १५ बाय २० फुटांचं. त्यावर तुम्ही ॲम्प लावला की तो गायिकेच्या माइकमध्ये शिरतो. मी तिचा आवाज वाढवला की तुमची गिटारही वाढते. ॲम्प जमिनीवर, तुमच्या पोटऱ्यांकडे तोंड करून. पोटऱ्यांना कान नसतात, म्हणून तुम्ही तो आणखी वाढवता. ठेवायचाच असेल तर तिरपा, वर तोंड करून, कानाकडे.

दोन आउटपुटचं मात्र बरोबर बोललात. फक्त दोन्हींना वेगळं सेटिंग मिळतं का ते आधी पाहा. ॲम्पला जाणाऱ्या वाटेवर कॅबिनेट नको, मिक्सरला जाणाऱ्या वाटेवर हवं. सगळ्या पेडलमध्ये हे जमत नाही.

मीठागरकाका, तुमच्यासारखा बटण वापरणारा वादक आला की माझं अर्धं काम संपतं. मनापासून सांगतोय.

रविवारची_तालीम (बुधवार, सकाळी ८:१०)

बाळबोध प्रश्न विचारू का? मी वर्तकनगरला शिकते, अजून एकही कार्यक्रम केलेला नाही. मिक्सर स्टेजपासून लांब असतो, तिथपर्यंत गिटारची वायर पोचते का?

चौथा_फ्रेट (बुधवार, दुपारी १:०५)

अगदी योग्य प्रश्न, आणि ह्याचं उत्तर न कळल्यामुळे कित्येक कार्यक्रमांत घुं घुं ऐकावं लागतं. गिटारची साधी वायर पाच-सहा मीटरच्या पुढे नेऊ नये. लांबी वाढली की ट्रेबल मरतो आणि वायर ॲन्टेनासारखी बाहेरचं सगळं ओढते. म्हणून पेडलच्या शेजारी डीआय बॉक्स ठेवायचा. पेडलची छोटी वायर त्यात, आणि त्यातून तीन पिनांची माइकची वायर निघून मिक्सरला. त्या वायरीत तोच सिग्नल सुलटा आणि उलटा असा दोन तारांतून जातो. वाटेत जो गोंगाट शिरतो तो दोन्हींत सारखाच शिरतो. मिक्सर एकातून दुसरा वजा करतो, गोंगाट जातो, गिटार उरते. तीस मीटर गेली तरी बिघडत नाही.

पेडल एका प्लगवर आणि मिक्सर मांडवाच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या फेजवर असला, तर अर्थच्या दोन वाटा होतात आणि आपल्याकडच्या ५० हर्ट्झची गुणगुण सुरू होते. डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचा खटका असतो, तो दाबला की बहुतेक वेळा थांबते. प्लगची अर्थची पिन मात्र कोणीही, कधीही काढू नये. पावसात भिजलेल्या मांडवात तारांना हात लावून उभे असतो आपण. आवाज जाऊ दे, जीव सांभाळा.

आता विजेबद्दल, कारण मल्टी-इफेक्टचा खरा जीव तिथे आहे. आत लहानसा संगणकच आहे. साधं पेडल क्षणभर वीज गेली तर क्षणभरच गप्प होतं. हे मात्र पुन्हा सुरू व्हायला काही सेकंद घेतं. मागच्या वर्षी एका सोसायटीत मी बसलेल्या प्लगवरच कोणीतरी कॉफीचं मशीन लावलं. बरोबर समेवर माझी गिटार गेली आणि स्क्रीनवर कंपनीचं नाव झळकायला लागलं. गायकाने टाळ्या वाजवत ठेका धरून ठेवला म्हणून निभावलं. तेव्हापासून स्वतःचा एक्स्टेन्शन बोर्ड नेतो, साऊंडच्या फेजवरूनच वीज घेतो. लाइटच्या फेजवरून कधीच नाही, डिमरची करकर गिटारच्या पिकअपमध्ये शिरते. माझं पेडल सेलवरही चालतं, त्यामुळे नवे सेल आत घालून वर अडॅप्टर लावतो. अडॅप्टर सुटला तरी ते चालू राहतं. तुमच्या पेडलवर हे चालतं का ते तालमीत वायर ओढून पाहा.

अडॅप्टर हरवला तर हाताला लागेल तो ९ व्होल्टचा लावू नका. बहुतेक गिटार पेडलना मधली पिन निगेटिव्ह लागते, घरातल्या राउटरच्या अडॅप्टरची साधारणपणे पॉझिटिव्ह असते. करंटही पाहा. बॉसच्या छोट्या जीटी-१ ला २०० मिलिॲम्पियर पुरतात, लाइन सिक्सच्या एचएक्स स्टॉम्पला ३ ॲम्पियरचा अडॅप्टर लागतो. दोन्हींवर ९ व्होल्टच लिहिलंय! मी लॅमिंग्टन रोडवरून एक जादा अडॅप्टर आणून बॅगेत शिवल्यासारखा ठेवलाय.

सहातारी, माझ्याकडे एक जादा डीआय बॉक्स आहे. मी नौपाड्यात असतो. गणपतीपुरता घेऊन जा.

सहातारी (बुधवार, रात्री ९:५५)

काय बोलू! तपासलं. आउटपुट खरंच ॲम्पवर होतं. आणि तेवढ्यातच सगळं आलं, फेडरदादांनी दोन ओळींत जे पकडलं ते मला महिनाभर कळलं नव्हतं. चौथा_फ्रेट, डीआय बॉक्ससाठी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, फार आभार.

वेलदोडाताई, एक अडकलंय. चार बाज केले तरी एकातून दुसऱ्यात जाताना आवाज तुटतो त्याचं काय?

वेलदोडा (गुरुवार, सकाळी ७:१२)

एका बाजातून दुसऱ्यात जाताना पेडलला सगळी साखळी नव्याने भरावी लागते, म्हणून ती फट. डिलेची शेपटीही तिथेच कापली जाते. उपाय असा, की गाण्याच्या मध्ये बाजच बदलायचा नाही. एकाच बाजात ओव्हरड्राइव्ह, डिले आणि सोलोसाठी एक बूस्ट (आवाज उचलणारा) मांडून ठेवा आणि पायाने एकेक चालू-बंद करा. बहुतेक पेडलमध्ये त्याला मॅन्युअल किंवा स्टॉम्प मोड म्हणतात. लाइन सिक्सच्या हेलिक्ससारख्या पेडलमध्ये स्नॅपशॉट असतात, एका दाबात तीन-चार गोष्टी बदलतात आणि फट पडत नाही. बाज बदलायचा तो दोन गाण्यांच्या मध्ये, निवेदक बोलत असताना.

बूस्ट कॅबिनेटनंतर ठेवा, तीन-चार डेसिबलचा. ओव्हरड्राइव्हच्या आधी ठेवलात तर खरखर वाढेल, आवाज वाढणार नाही.

डिलेचं गणितही सांगून ठेवते. ६०,००० ला गाण्याच्या गतीने भागा. १२० च्या गतीला एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा, त्याचा पाऊण म्हणजे ३७५. पण ढोलकीवाले दादा रंगात आले की गती वाढतेच, म्हणून टॅपचं बटण (ठोका देऊन डिलेला गती सांगायचं) पायाखाली असू द्या.

मीठागर (गुरुवार, दुपारी ४:००)

ढोलकीवाल्याची गती वाढली तर एको काढून टाकावा आणि त्याच्याबरोबर धावावं. लावणीत ३७५ कोण मोजत बसतो?

वेलदोडा (गुरुवार, दुपारी ४:२२)

काका, हे मात्र तंतोतंत खरं. लावणीत मीही डिले बंदच ठेवते.

रविवारची_तालीम (गुरुवार, रात्री ८:४५)

हा सगळा धागा वहीत उतरवून घेतला. चौथा_फ्रेट दादा, वजा करण्याचं उदाहरण फार आवडलं.

सहातारी (अठरा दिवसांनी, सोमवार, रात्री ११:३०)

मंडळी, पहिला कार्यक्रम काल झाला. घणसोलीत, सोसायटीचा गणपती, पत्र्याचा मांडव, बाहेर पाऊस. दहाला लाउडस्पीकर बंद करायचा म्हणून साउंडचेकला जेमतेम दहा मिनिटं मिळाली.

त्याआधी दोन रविवार ऑक्टोपॅडवाल्याच्या घरी स्पीकर लावून, मोठ्या आवाजात बाज केले. चारचे तीनच उरले. पातळ्या जुळवायला सगळ्यात जास्त वेळ गेला, अख्खी एक दुपार. मांडवात गेल्यावर गदगद वाटली. पत्र्याखाली खर्ज फार साठतो. तेव्हा एकेक बाज न उघडता पेडलच्या ग्लोबल इक्यूमध्ये खालचा भाग आणखी कमी केला, म्हणजे तिन्हींना एकदम लागू झाला. साऊंडवाल्याने मध्येच अंगठा वर केला. फेडरदादा, तुमची आठवण आली.

एक गडबड झाली. पाचव्या गाण्यात एक्स्प्रेशन पेडल (पायाने आवाज कमीजास्त करायचं) अर्धवट दाबलेलं राहिलं आणि गिटार दोन कडवी हळू होती. आता ते पेडल बंदच करून टाकतो. कारण त्या गाण्यात मी काय केलं, तर मीठागरकाकांचं बटण! ओव्हरड्राइव्ह चालूच ठेवला, कडव्याला बटण सहावर, ध्रुवपदाला दहावर. मान वर होती. गायिका श्वास घेताना दिसत होती आणि तिच्याबरोबर मी आत शिरलो. इतक्या वर्षांत असं वाजवलं नव्हतं. काका, हे तुम्हाला सांगायला मुद्दाम जागा राहिलो.

उरलेले दोन कार्यक्रम ह्याच तीन बाजांवर.

मीठागर (मंगळवार, सकाळी ६:२०)

वाचून डोळे भरले. तो डबा राहू दे तुमच्याकडे. मात्र स्वच्छ आवाजासाठी बटण सहाच्या खाली नेलं तर ट्रेबल जातो. बटणाच्या आत एक बारीकसा कपॅसिटर लावून घ्या, आवाज कमी झाला तरी धार राहते. चौथा_फ्रेट लावून देतील.

चौथा_फ्रेट (मंगळवार, दुपारी १२:४०)

लावून देतो की, पाच मिनिटांचं काम आहे. विसर्जनानंतरच्या शनिवारी डीआय बॉक्स परत द्याल तेव्हा गिटारही घेऊन या, तलावपाळीला भेटू. आणि कार्यक्रम संपले की पेडलमधले सेल काढून ठेवा, ठाण्याच्या दमट हवेत ते लवकर गळतात.